आमच्या वावरातलं शिळावर्तुळ

दर रविवारी सकाळी मी नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या माझ्या खोलीखाली, गोदामासमोर लागलेल्या ट्रकांच्या रांगेजवळ, टोपी घालून उभा राहायचो. टोपी आमच्या गटाच्या नियमातच होती. बाकी सभासदांच्या टोप्या रुंद काठाच्या, गळ्याखाली दोरी असलेल्या. माझी आठवडी बाजारातली, पांढरी. गोदामातले हमाल मला विचारायचे, अंपायर आहेस का. मी म्हणायचो, नाही, पुरातत्त्व आहे. मग ते पुन्हा कधी विचारायचे नाहीत.

गट हौशी लोकांचा होता. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले साहेब. त्यांच्याबरोबर धंतोलीत दवाखाने असलेले दोन डॉक्टर, एक आर्किटेक्ट, त्यांच्या बायका आणि मी. नागपूरच्या आसपासच्या रानात आणि वावरात दगडांची मोठमोठी वर्तुळं सापडतात. फार जुन्या काळच्या लोकांनी आपली माणसं पुरून त्यांच्याभोवती ते दगड मांडले, असं अभ्यासक सांगतात. ही शिळावर्तुळं शोधणं हा गटाचा छंद. माझा तो छंद नव्हता, खरं सांगायचं तर मला तो धर्मच वाटत होता. घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा इतिहास म्हणजे दुसऱ्यांच्या गावात घडलेली गोष्ट असा माझा समज होता. आपल्याही मातीत तो असू शकतो हे कळल्यावर मी काही दिवस नीट जेवलो नाही.

अध्यक्ष आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आले होते, तिथे मी एक प्रश्न विचारला. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "वा. तुमच्याकडेही आता ही आवड निर्माण होतेय. फार छान." त्या दिवशी मी खूप खूश होतो. ती खुशी ओसरायला दोन-तीन दिवस लागले.

गटात मला पद मिळालं, ग्रामीण समन्वयक. काम असं, की आम्ही कोणाच्या वावरात घुसलो आणि मालक काठी घेऊन विचारायला आला, की मी पुढे व्हायचं. सभासद तोवर दगडांचे फोटो काढत. मी मालकाला काका म्हणायचो, तो मला कोणाचा पोट्टा विचारायचा, आणि प्रकरण मिटायचं.

अध्यक्षांची एक पद्धत होती. शेतकऱ्याला आधी काही विचारायचं नाही. विचारलं की तो दंतकथा सांगतो आणि आपली दृष्टी दूषित होते, असं ते म्हणत. त्यामुळे पाहणीच्या फॉर्मवर 'स्थानिक माहिती' हा रकाना अगदी शेवटी होता, आणि तिथे बहुतेक वेळा 'उपलब्ध नाही' असं मीच लिहायचो. मालक समोर बिडी ओढत उभा असायचा, तरी लिहायचो. परतीच्या वाटेवर पोहे खाताना अध्यक्ष सांगत की नांगर हा पुरातत्त्वाचा पहिला शत्रू आहे. सगळे मान डोलवत. माझे वडील शेतकरी. तरी मीही मान डोलवत होतो, हे लिहायला हवं.

त्या वर्षी सोयाबीन निघालं तेव्हा माझी परीक्षा होती. मी घरी गेलो नाही. गेलो तो दिवाळीला. आमचं सडकेकडचं वावर आहे, तिथे सोयाबीन निघालं की हरभरा पेरतात. त्या बाजूला विहीर नाही. जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच हरभरा येतो, म्हणून सोयाबीन उचललं की काही दिवसांत पेरणी उरकावी लागते. ओल उडाली तर दाणा मातीत नुसता पडून राहतो. घरातली वर्षभराची डाळ, बेसन आणि उन्हाळ्यात जे काही विकायला निघतं ते, सगळं त्याच तुकड्यातून येतं. मी शेतकऱ्याचा मुलगा असल्यामुळे हे सगळं मला माहीत होतं. फक्त त्या सकाळी आठवलं नाही.

त्या सकाळी वावराच्या मधोमध मला दगडांचं एक वर्तुळ दिसलं.

गोल अगदी नीट होता. दगड सारख्या अंतरावर, आतली जमीन जरा दबलेली. लहानपणापासून या वावरात येतो आहे आणि आपली नजरच नव्हती, असं मला वाटलं. मी पळत घरी जाऊन आईच्या शिलाई मशीनचा टेप आणला आणि मोजायला लागलो. आई धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गवत कापत होती. तिने विचारलं, काय मोजून राहिला बाबू. मी म्हणालो, काही नाही, कॉलेजचं आहे. या वाक्याची आमच्या घरात फार ताकद आहे. ते म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. तिनेही नाही विचारलं.

बाबांना मी विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही असंही नाही. सुचलं होतं, पण गटात राहून माझी दृष्टी शुद्ध झाली होती.

फोटो पाठवला तसा अध्यक्षांचा फोन आला. भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी तीन गाड्या आमच्या वावराशी थांबल्या. टोप्या उतरल्या. आर्किटेक्टने कॅमेरा ट्रायपॉडवर लावला. अध्यक्ष वर्तुळाबाहेर गुडघ्यावर बसले आणि हळू आवाजात निवेदन करू लागले. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि म्हणाले, "साहेब, थे तं..."

"काका, एक मिनिट. रेकॉर्डिंग सुरू आहे," अध्यक्ष म्हणाले.

बाबांनी हात खाली घेतला.

आर्किटेक्टने एक शंका काढली की दगड फार लहान आहेत, एका माणसाला उचलता येतील. इतर ठिकाणचे तर दोघा-तिघांनाही हलत नाहीत. अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की मोठे दगड शेतकऱ्यांनी केव्हाच पळवले असणार. मग आणखी थोडा विचार करून म्हणाले, किंवा हे लहान मुलाचं दफन असेल. त्यावर एका डॉक्टरांच्या बायकोने डोळे पुसले. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली आणि सवयीने वर्तुळातून सरळ चालत आली. "अहो, इथे पाय नका देऊ," त्या बाई कळवळून म्हणाल्या. आई चपापली, मागे सरली आणि स्वतःच्या वावरात लांबून वळसा घालून आली. मी तिच्या हातातून ट्रे घेतला. दुसरं काही केलं नाही.

चहा झाल्यावर आईने आपणहून एक डबी आणली. निंदताना, म्हणजे पिकातलं गवत खुरप्याने काढताना, तिला आणि गावातल्या बायांना कधी कधी लाल दगडाचे मणी सापडतात. पाऊस पडून गेला की ते मातीतून वर येतात. बाया दिवसभर वाकून माती बघत असतात, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. काही मणी आईने बकरीच्या पिलांच्या गळ्यात बांधले होते, उरलेले डबीत होते. अध्यक्षांनी ते भिंगाखाली पाहिले. वा म्हणाले. प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिठ्ठी लावली आणि शोधक या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहिलं. नोंद जबाबदार सभासदाच्या नावानेच करावी लागते, असं त्यांनी मला समजावलं. आईने विचारलं, डबी तरी परत भेटन ना. डबी परत मिळाली.

जाताना अध्यक्षांनी बाबांना विनंती केली, म्हणजे सूचनाच. दोन रविवारांनंतर गटाची मोठी सहल इथे आणायची होती. बस ठरवायची, ड्रोनने चित्रण करायचं, मी वर्तुळाशेजारी उभा राहून माहिती सांगायची. तोवर वावरात वखर, ट्रॅक्टर काही फिरवायचं नाही. वरून नांगराची एक रेघसुद्धा दिसता कामा नये.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टोपी सारखी केली.

"बरं," बाबा म्हणाले.

मी वाडीला परत आलो. सहलीचं निमंत्रण छापून आलं, त्यात माझ्या नावापुढे 'युवा संशोधक' असं होतं. मी ते इतक्या वेळा उघडून पाहिलं की शेजारच्या खोलीतल्या ड्रायव्हरने विचारलं, नोकरी लागली का. घरी फोन केला की बाबा एवढंच विचारायचे, "होते ना गा तुया कार्यक्रम?" आई मात्र सांगायची की शेजारच्यांचा हरभरा दोन पानांवर आला आणि आपल्या वावराले भेगा पडून राहिल्या. मी म्हणायचो, थोडेच दिवस राहिले. इतिहासाच्या मानाने थोडेच होते.

भाषणात दाखवायला मला वावराचे आधीचे फोटो हवे होते. बारावीत शिकणाऱ्या माझ्या बहिणीला मी ते मागितले. सहलीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिने सोयाबीनच्या वेळचे पाठवले. पहिल्या फोटोत वावराच्या मधोमध कापलेल्या सोयाबीनची गंजी होती, म्हणजे गोल रचलेला ढीग. त्यावर निळी ताडपत्री. ताडपत्री वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या काठावर, सारख्या अंतरावर, दगड. दुसऱ्या फोटोत बाबा धुऱ्यावरून एक दगड पोटाशी धरून आणत होते. त्या दगडाचा कोपरा फुटका होता. माझ्या भाषणात त्या दगडावर एक वेगळा परिच्छेद होता.

मी घरी फोन लावला. मग बहिणीला विचारलं, हे फोटो आधी काहून नाही दाखवले. ती म्हणाली, "मी तं तेव्हाच टाकले होते. तू माह्यावालं स्टेटस पाहतच नाही." हे खरं होतं. कॉलेजातल्या मुलांनी पाहू नये म्हणून मी घरच्यांचे स्टेटस म्यूट करून ठेवले होते. मी पाहत नव्हतो म्हणजे कोणीच पाहत नसेल, असं काहीसं तेव्हा मला वाटायचं.

तिला म्हटलं, बाबांना दे.

"बाबा, थे दगड ताडपत्रीवरचे होते का?"

"हो. दिवाळीच्या तोंडावर गंजी काढली, दगड तसेच राहिले."

"तुमाले मालूम होतं?"

"मीच ठेवले न गा. मले नाही मालूम राहीन तं कोणाले राहीन?"

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगत होतो ना. त्या साहेबानं चूप बसवलं." मग ते म्हणाले, "आन् तू असा उभा होता टोपी घालून. थे मोठे लोकं तुले विचारून राहिले होते, तू सांगून राहिला होता. म्हटलं, जाऊ दे. दोन हप्त्याचं काम आहे."

मी फोन ठेवला आणि बस धरून मनीषनगरला अध्यक्षांच्या फ्लॅटवर गेलो. बैठकीत काचेचं कपाट होतं, त्यात आईचे मणी ठेवलेले होते, खाली चिठ्ठी. मी अडखळत अडखळत सगळं सांगितलं आणि फोटो दाखवले. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी आधी विचारलं, हे आणखी कोणाला माहीत आहे. मी म्हणालो, गावात सगळ्यांनाच. ते म्हणाले, गाव सोड, गटात कोणाला माहीत आहे.

मग त्यांनी विचार केला.

"वडिलांनी दगड आणले कुठून?"

"धुऱ्यावरून."

"आणि धुऱ्यावर कुठून आले?"

"वावरातून वेचून टाकलेले."

"मग वावरात ते कोणी मांडले होते?"

या वाटेने विदर्भातला कुठलाही दगड कुठल्याही काळात नेता येतो, हे उत्तर मला नंतर गावाच्या गाडीत सुचलं. अध्यक्ष मात्र उठून येरझाऱ्या घालायला लागले होते. त्यांना आणखी चांगलं काहीतरी सुचलं होतं. शेतकरी आजही नकळत दगडाचं वर्तुळच मांडतो, म्हणजे ही परंपरा अखंड चालत आली आहे, असं म्हणता येईल. मी म्हणालो, सर, गंजी गोल असते म्हणून दगड गोल लागतात. ते म्हणाले, तेच तर. शेवटी असं ठरलं, म्हणजे त्यांनी ठरवलं, की शिळावर्तुळाआधी 'संभाव्य' हा शब्द घालायचा. बस ठरली आहे, नाश्ता सांगितला आहे, उद्याचा एक दिवस वावर तसंच राहू दे.

मी म्हणालो, "बरं." अगदी बाबांसारखं. जिना उतरताना ते माझ्या लक्षात आलं, आणि मी खोलीवर न जाता गावाची गाडी धरली.

घरी मी सांगितलं की उद्या सकाळी पेरू. बाबा नाही म्हणाले. पाहुणे येणार, तुझं नाव छापलं आहे, एका दिवसाने काय होते, असं त्यांचं म्हणणं. मी चिडलो. त्यांनी माझ्यासाठी थांबू नये म्हणून मी त्यांच्यावर ओरडत होतो, असा तो प्रकार. आई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "ताडपत्रीच्या मढ्यासाठी तीन हप्ते सुतक पाळलं. आता पुरे करा." त्यावर बाबा हसले आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.

सकाळी उजाडताच मी दगड उचलून धुऱ्यावर टाकले. फुटक्या कोपऱ्याचाही टाकला. बाबांनी मूठभर माती उकरून दाबून पाहिली. गोळा झाला नाही, माती बोटांतून सांडली. त्यांनी आणखी खोल उकरलं. तिथे थोडी ओल होती. ते ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, पेरणीचे दाते खाली कर, होईन तेवढे.

निम्मं वावर झालं तेव्हा बस आली. लोक उतरले, टोप्या घातल्या आणि ट्रॅक्टरकडे बघत राहिले. ड्रोनवाल्याने पेटी उघडली आणि पुन्हा बंद केली. अध्यक्ष माझ्याकडे आले. माझ्या अंगावर बाबांचा जुना सदरा होता, पायात मातीने भरलेल्या चपला. त्यांना मी आधी ओळखू आलो नाही असं वाटतं.

"हे काय केलंस?"

मला मोठ्याने बोलायची सवय नाही. भाषणही मी पाठ करूनच जाणार होतो. पण सगळे माझ्याकडेच पाहत होते. मी म्हणालो, "ते दगड माझ्या बाबांनी ठेवले होते. मागच्या महिन्यात. सोयाबीनची ताडपत्री उडू नये म्हणून. मी तेव्हा घरी नव्हतो, आणि नंतर विचारलं नाही."

मागे कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं. आर्किटेक्ट तर पोट धरून हसत होता. मागच्या वेळी डोळे पुसणाऱ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाबांजवळ जाऊन विचारलं की पाऊस आला तर ताडपत्रीखालून पाणी शिरत नाही का. बाबांनी सांगितलं की गंजीखाली पराटीचा, वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचा, थर देतात. गटातल्या कोणी बाबांना एखादी गोष्ट विचारली आणि उत्तर संपेपर्यंत ऐकली, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. बाकीच्यांनी बसमध्ये बसून नाश्ता केला.

दुपारी गटाच्या व्हॉट्सअॅपवर अध्यक्षांचा संदेश आला. खाली ट्रॅक्टरचा फोटो. लिहिलं होतं की शेतीच्या रेट्याखाली आणखी एक संभाव्य स्थळ आमच्या डोळ्यांदेखत नष्ट झालं, आणि समाजात जाणीव नसल्याची ही किंमत आहे. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. मी उत्तर लिहीत होतो, चौथ्यांदा खोडून. तेवढ्यात त्यांनी मला गटातून काढलं.

पंधरवड्याने मी घरी गेलो. शेजारच्यांच्या वावरात हरभरा एकसारखा हिरवा होता. आमच्यात कुठे चार रोपं, कुठे हातभर मोकळी जमीन. मोकळ्या जागी उकरलं की दाणे तसेच सापडत, कोरडे, न फुगलेले. अर्धंही उगवलं नव्हतं. यंदा डाळ विकत आणावी लागेल, असं आई म्हणाली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. एवढ्या सगळ्या तुकड्यावर पाणी वाहून आणून पुन्हा पेरणं शक्य नव्हतं, पण सडकेलगतच्या काही ओळींत खाडे भरता येणार होते. म्हणजे रिकाम्या जागी हाताने दाणे टोबायचे आणि तांब्यातांब्याने पाणी घालायचं.

आम्ही दोघं बसलो. बाबा पुढे बोटाने खड्डा करत, मी दाणे टाकून पाणी घालत मागे. मग पुढे पाहतच त्यांनी विचारलं, "कॉलेजात याचे मार्क कटतीन का तुये?"

"नाही. हे कॉलेजचं नव्हतंच."

"मंग ठीक." त्यांनी पुढचा खड्डा केला. "दोन दोन टाक. एक तरी निघन."